पक्कं मत

पक्षाच्या युवा शाखेची बैठक आईच्याच बाहेरच्या खोलीत भरायची. तिचा मुलगा पोरांना शिकवायचा, "मत पक्कं असेल तिथे रस्त्यावरूनच हात जोडायचे. डळमळीत असेल तिथे मात्र बूड टेकून बसायचं, चहा घ्यायचा." कपबशा गोळा करता करता आई ऐकायची. या युक्तीवर आणि 'संस्कार जपा, कुटुंब जपा' या घोषणेवर तो नगरसेवक झाला, मोठ्या घरात राहायला गेला, आता आमदारकीला उभा होता. प्रचारफेरी आईच्या दारावरून जायची, तेव्हा तो रस्त्यावरूनच हात जोडायचा.

यंदा घरोघरचा अंदाज घ्यायला पक्षाची कार्यकर्ती आली, तेव्हा ठेवणीतल्या कपबशा पुसत आई म्हणाली, "खरं सांगू का बाळा, माझं अजून काही ठरलेलं नाही."