स्टॉपवॉच

अग्निशमन दलातून निवृत्त झालेले सासरे दर रविवारी आमचा जीव खायचे. स्वतः खाली फाटकाशी स्टॉपवॉच घेऊन उभे राहायचे, शिट्टी फुंकायचे आणि आम्ही पोरांना ओढत तीन जिने उतरायचो.

"सत्तर सेकंद! एवढ्यात कोळसा झाला असता तुमचा. आणि सूनबाई, मागे वळून काय बघतेस? काहीही झालं तरी मागे फिरायचं नाही!"

आज दुपारी जेवून सासऱ्यांसकट सगळेच आपापल्या खोलीत लवंडलो होतो आणि स्वयंपाकघरातून खरोखरचा धूर आला. मी पोरांना धरलं, नवऱ्याने सासूबाईंना. मागे वळूनही न बघता आम्ही धडाधड जिने उतरलो.

"बाबा, किती सेकंद झाले?" मी धापा टाकत विचारलं.



फाटकाशी कुणीच उभं नव्हतं.