एकाहत्तर टक्के

"माणसं चिखलाचं पाणी पितायत आणि तुम्ही मतं मोजत बसलात! लाजा कशा वाटत नाहीत?"

दिलीप टीव्हीवर ओरडला. टीव्हीतला साहेब हसतमुखानं सांगत होता की सर्व्हेत एकाहत्तर टक्के नागरिक परदेशांना मदत पाठवायच्या विरोधात आहेत, आणि जनतेचा कौल सरकारला शिरसावंद्य आहे. कौल म्हणे! देवाला लावतात तसा.

मरीन परेड या किनाऱ्यावरच्या वस्तीतल्या त्यांच्या बाराव्या मजल्यावरच्या घरातून दिलीपचं जहाज दिसत होतं. पाच दिवस नांगर टाकून उभं. पोटात पाणी शुद्ध करायची चाळीस यंत्रं. वादळात बुडालेली बेटं दोन दिवसांच्या अंतरावर. जहाजावरचा फिटर तिथलाच, त्याच्या बायकोपोरांचा फोन लागत नव्हता. "निघतोच आपण," असा शब्द चीफ इंजिनिअर दिलीपनं त्याला दिला होता. आज हुकूम आला, यंत्रं उतरवून ठेवा.

"इलेक्शन तोंडावर आलंय, पपा. कोण रिस्क घेणार, लाह?" यश सोफ्यावरून इथल्या लोकांसारखं 'लाह' लावत म्हणाला. त्याच्या लग्नाला तीन वर्षं झाली, तरी सरकारी फ्लॅटचा नंबर लागेना. नवराबायको अजून आईबापाच्याच घरात.

"कोण आहेत रे हे एकाहत्तर टक्के? एक तरी आणून उभा कर माझ्यासमोर! पोटं भरलेली, काळजं वाळलेली! मला विचारलं असतं ना..."

"विचारलं होतं की," यशची आई कुमुद म्हणाली. ती घेवडा निवडत होती.

"मला?"

"तुमच्या फोनवर आला होता तो सर्व्हे. भरला की वीस डॉलरचं व्हाउचर. माझा पासपोर्ट अजून भारताचा, मला कोण विचारतंय? तुम्ही आंघोळीला गेला होतात. नेहमीसारखा मीच भरला तुमच्या नावानं."

यशनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"अगं, मग विचारायचंस तरी! माझ्या नावावर वाट्टेल ते ठोकून दिलंस?"

"वाट्टेल ते?" कुमुदनं हातातली शेंग खाली ठेवली. "वादळाची बातमी आली त्या दिवशी तुमच्या जहाजात अजून ही यंत्रं चढली नव्हती. भरल्या ताटावरून तुम्हीच गरजलात, 'माझ्या पोराला घर नाही आणि हे निघाले जगाला खैरात वाटायला!' अक्षर न् अक्षर तेच लिहिलं मी. अहो, समुद्राकडे काय बघताय? इकडे बघून सांगा, खोटं लिहिलं का?"