नाडगौडा सरांची बिजागरी

छत्रीच्या काड्यांचं ते मॉडेल मी नाडगौडा सरांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं. पंचवीस वर्षांपूर्वी, मी त्यांच्याकडे पीएचडी करत असताना, सरांनीच ते काड्या वाकवून केलं होतं. जिवाणूच्या पेशीत नव्या प्रथिनाची साखळी पुरी झाली की ती सोडवायला जे दुसरं प्रथिन येतं, त्याचं हे मॉडेल.

मधोमध त्यांनी चष्म्याच्या डबीची बिजागरी बसवली होती. त्यामुळे ते सारखं लटपटायचं. "क्ष-किरणांनी काढलेल्या फोटोत तर हे प्रथिन घट्ट मिटलेलं आहे, सर," असं म्हणत मी तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी बिजागरी पक्की चिकटवून टाकली. माझा अख्खा प्रबंध त्या मिटलेल्या आकारावर उभा होता. सरांनी पाहिलं, आणि कँटीनमधून दोन चहा मागवले.

"आता नवे फोटो आलेत, सर. साखळी संपल्याची, थांबायची खूण ओळखली की हे उघडतं, तेव्हाच त्याचा हात साखळीपर्यंत पोचतो," मी टेबलावरचं मॉडेल पुढे सरकवत म्हणालो.

सरांनी काकूंकडून तापलेली इस्त्री मागून घेतली आणि बिजागरीला टेकवली. जुना गोंद मऊ पडला. दोन बोटांनी त्यांनी काडी ओढली, तसा हात अलगद उघडला.

"प्रथिन असं उघडतं, हे तेव्हाही माहीत होतं तुम्हाला?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्याकडे फोटो होता," सर म्हणाले. "माझ्याकडे नुसती बिजागरी."