दोन राजे

रविवारी दुपारी दहा-दहा रुपये भरून दिगंबर आणि मृणाल आपापल्या मोबाईलवर पोकरच्या एकाच झटपट स्पर्धेत उतरले. खेळ त्यानेच तिला महिन्यापूर्वी शिकवला होता. तरी तो पाचव्या मिनिटाला बाद झाला आणि ती शेवटच्या तिघांत पोहोचली. गेल्या रविवारीही असंच झालं होतं.

"अहो, समोरच्याने सगळं लावलंय. माझ्याकडे दोन राजे आहेत. काय करू?"

असे पत्ते त्याने स्वतः कधीच सोडले नसते.

"सोडून दे," तो म्हणाला. "त्याच्याकडे एक्के असणार."

तिने लगेच पत्ते टाकले. समोरच्याने मुद्दाम आपले पत्ते उघडून दाखवले. दोन पंजे होते.

मृणालने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या. चुकतो कधी कधी अंदाज."

"चुकला नव्हता," दिगंबर म्हणाला.

तिने हात काढून घेतला.