गावाकडची एसटी

मेलेलं ढोर ओढायला नाही म्हटलं म्हणून कुहीकडच्या एका खेड्यात देवाजीला चौघांनी भर चौकात मारून टाकलं. गावात कोणी तोंड उघडेना. नागपुरातल्या धरमपेठेतल्या शामलाताई वर्षभर त्या खेड्यात जात राहिल्या, देवाजीच्या बायकोजवळ, अंजनाबाईजवळ बसून साक्षीसाठी धीर देत राहिल्या. शेवटी अंजनाबाई नागपूरच्या कोर्टात उभी राहिली. तिनं चौघांकडे बोट दाखवून एकेकाचं नाव सांगितलं.

आज निकाल लागला. चौघेही सुटले.

"आजच्या दिवस माझ्याकडे राहा," एसटी स्टँडवर शामलाताई रडत म्हणाल्या.

"लेकरं एकली हायेत घरी, ताई. अन् आज राहीन, उद्या त जाच लागन ना?"

अंजनाबाई गाडीत चढली. गावाला जाणारी तेवढी एकच गाडी होती आणि ती गच्च भरली होती. चौघांपैकी रुपराव खिडकीजवळच्या बाकावर बसला होता. तिला पाहून तो हसत सरकला.

"ये वं अंजना, बस. आता सोबतच राहाचं हाय आपल्याले."

गाडी सुटली. वळणापर्यंत शामलाताईंना खिडकीतून दिसत राहिलं, अंजनाबाई दांडा धरून उभीच होती.