लोकरीची पिशवी
लोकरीची चिमुकली पिशवी काकूंनी माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवली. आत त्यांच्या वारलेल्या लेकीच्या फोनमधली चिप होती. “आधीच्या दुकानदारानं तिचा आवाज ऐकवला होता गं. पण चिप दिली कशात, तर चकचकीत पिशवीत, वेफरच्या पाकिटासारखी! लेकीला काय त्यात ठेवायचं? फेकली. तिचाच स्वेटर उसवून ही विणली.” चिपचं खरं कवच ती चकचकीत पिशवीच. लोकरीच्या घर्षणानं साठलेल्या विजेचा न जाणवणारा चटकाही चिपचा जीव घेतो. तरी सगळे उपाय करून पाहिले. आवाज आला नाही. “माझं काही चुकलं का गं?” “छे हो काकू, चिपच जुनी होती.” मग जिवंत असल्यासारखी जपून मी ती नव्या चकचकीत पिशवीत घातली, वरून लोकरीची चढवली. काकूंनी हळूच गुंडी लावली. “फार गारठायची गं ती.”