बाहेर कोण राहिलं?

नथ्थूभाऊंनी बादलीतला पांढरा रंग ढवळायला घेतला, तरी रीता बाकावरून उठली नाही. वही मांडीवर ठेवून ती समोरच्या भिंतीकडे पाहत होती.

शिकवणीच्या खोलीतल्या त्या भिंतीचा मधला भाग काळा रंगवलेला होता. त्यावर इनायत सरांचं शेवटचं गणित होतं. एक छेद दोनचा पाचवा घात, वजा एक छेद दोनचा सातवा घात. खालच्या ओळीत दोघांतलं सामाईक, एक छेद दोनचा पाचवा घात, डावीकडे बाहेर काढलेलं. पुढे कंसात एक वजा एक छेद चार. उत्तर नव्हतं. सर खडू हातात घेऊनच खाली बसले, ते उठले नाहीत. त्याला आज बारा दिवस झाले होते.

“चाळिसावा दिवस तरी होऊ दे, रईस,” निशात भावाला म्हणाली. “अब्बांचं अक्षर आहे ते.”

“आपा, तू तर नागपूरले निघून जाशील. इथी सोमवारी मोबाइल दुकानाचं काउंटर लागून राह्यलं.” रईसनं टेप उलगडून भिंतीला लावला. “नथ्थूभाऊ, दरवाजाकडून सुरू करा.”

नथ्थूभाऊंनी एकदा निशातकडे पाहिलं. मग डावीकडे, दरवाजापाशी, ब्रश टेकवला.

“ताई, उद्या पेपर आहे माझा,” रीता हळूच म्हणाली. “हे गणित उतरवून घ्यायलाच आली मी चामोर्शीवरून.”

निशात तिच्या शेजारी बसली. तिनं वही चाळली. पानोपानी लाल शाईत एकच शेरा होता : बाहेर कोण राहिलं?

“मी कंसातलंच सोडवते अन् बाहेरचं विसरून जाते,” रीता म्हणाली. “सर लय चिडवत. म्हणत, अवो रीताबाई, सामाईक मंजे घरचा म्हातारा. त्याच्यानं तुमची वजाबाकी सोपी झाली, अन् त्यालेच अंगणात ठेवून जेवाले बसल्या काय?”

ती हसली. मग निशातच्या चेहऱ्याकडे पाहून तिनं वहीचं कोरं पान काढलं.

“सोडव,” निशात म्हणाली.

ब्रश भिंतीवरून पुढे सरकला. कंसाबाहेरचं एक छेद दोनचा पाचवा घात पहिल्याच हातात गेलं. कंस आणि त्यातली वजाबाकी अजून होती. रीता मान वर करून घाईघाईनं उतरवून घेत होती.

“जरा थांबा ना, भाऊ!”

“थांबलो तर डाग पडते, पोरी,” नथ्थूभाऊ म्हणाले.

रीतानं उत्तर लिहिलं. तीन छेद चार. वही निशातपुढे धरली.

निशातनं भिंतीकडे पाहिलं. तिथे आता कंसही नव्हता. तिनं रीताच्या कंपासपेटीतला लाल पेन घेतला आणि उत्तराखाली एक ओळ लिहिली, अब्बांसारखीच, किंचित डावीकडे झुकलेली.

रीतानं ती मोठ्यानं वाचली, “बाहेर कोण राह्यलं?”

“कोणी नाई,” टेप गुंडाळत रईस म्हणाला. “दरवाजा लावून घे. ओल्या रंगावर धूळ बसते.”